मुंबईतील खरेदी : एक गल्ली, एक जिन्नस

लग्नाचा बस्ता मुंबईत बांधावा, ही कोल्हापूर-सांगलीकडील अनेक घरांची जुनी हौस आहे. गावोगावची दुकाने आता काही कमी राहिलेली नाहीत. तरीही मुलीचे लग्न ठरले की घरातील कोणीतरी ‘एकदा मुंबईला जाऊन येऊ या’ असे म्हणतेच. गेल्या मार्गशीर्षात माझी धाकटी बहीण आणि भाची याच कामासाठी इचलकरंजीहून दोन दिवसांकरिता आल्या. शुक्रवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरताना बहिणीच्या हातात वहीचे दोन्ही बाजूंनी भरलेले एक पान होते आणि पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेल्या, आमच्या आईच्या दोन पाटल्या होत्या. पान मला लगेच दाखवण्यात आले. पाटल्यांचा विषय चहा झाल्यावर निघाला.

माझ्या नोकरीतील अकरा वर्षे काळबादेवीच्या शाखेत गेली. त्या भागातील गल्ल्या मला प्रथम परिचित झाल्या त्या ग्राहक म्हणून नव्हे, तर कर्जदारांच्या गोदामांतील माल मोजणारा अधिकारी म्हणून. त्या ओळखीच्या बळावर मी यादी हाती घेतली आणि सर्वप्रथम पेन्सिलीने तिच्यातील काही ओळी खोडल्या. ‘चांदीचे पैंजण, तीन जोड’ ही पहिली. चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर नाव असलेली हुपरी इचलकरंजीच्या शेजारी आहे. तेथील कारागिरांनी घडविलेला माल मुंबईच्या सराफ्यात येतो, आणि तोच घेण्यासाठी आपण रात्रभराचा प्रवास करून मुंबईत यायचे! ‘कोल्हापुरी साज’ ही दुसरी. तो कोल्हापूरच्या गुजरीत घ्यावा. ‘सुती कापड, अस्तरासाठी’ ही तिसरी. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे कापड मुंबईच्या बाजारात फिरून पुन्हा इचलकरंजीला न्यायचे, यात हशील काय? बहीण थोडी हिरमुसली. पण मुंबईस खरेदीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगतो. आपल्या अंगणात पिकते ते येथे घेऊ नये. जे येथेच निवडीला भरपूर मिळते, त्यासाठीच येथील गर्दी सोसावी.

हे ‘भरपूर’ कोठे आहे, ते समजण्यासाठी या शहराचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. १८०३ साली किल्ल्याच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, मोठी आग लागली. त्यानंतर किल्ल्याबाहेर उत्तरेकडे देशी व्यापाऱ्यांची वस्ती झपाट्याने वाढली. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुनी, मांडवी हे भाग पूर्वेकडील बंदराच्या कुशीत आहेत. पायधुनीचे नावच सांगते की कधीकाळी येथे पाणी होते आणि ते ओलांडून आलेला वाटसरू येथे पाय धूत असे. पुढे १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला. गलबतांतून आणि आगबोटींतून उतरलेला माल हातगाड्यांवरून फार दूर नेणे परवडत नसे. म्हणून एका जिन्नसाचे व्यापारी एका गल्लीत बसले. एकाच गल्लीत पन्नास दुकाने एकच वस्तू विकतात, याचे नव्या माणसाला नवल वाटते. मला बँकेत असताना त्याचे मर्म कळले. तेथे भाव लपत नाही. एका दुकानात सकाळी दर बदलला, तर दुपारच्या जेवणापूर्वी तो साऱ्या गल्लीला ठाऊक असतो. गिऱ्हाइकाला याचा लाभ हवा असेल तर त्याने चार दुकाने हिंडण्याइतका वेळ घेऊन आले पाहिजे. घाईच्या गिऱ्हाइकाला ही गल्ली काहीच देत नाही.

म्हणून वेळेविषयी. या भागातील बहुतेक दुकाने सकाळी अकराच्या सुमारास नीट उघडतात आणि रविवारी बंद असतात. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा मशीद स्थानकावर उतरून चालावे. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना मरीन लाइन्स जवळ पडते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोची काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानके सुरू झाली आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना ही मोठीच सोय झाली. स्वतःची मोटार या भागात आणणे म्हणजे दुकानांऐवजी मोटारीच्या जागेचा शोध घेणे होय.

आम्ही अकराच्या ठोक्याला महात्मा जोतिबा फुले मंडईपाशी पोहोचलो. जुने लोक अजूनही तिला क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर; त्यांच्या काळात, १८६९ साली, विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत उभी राहिली. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या वडिलांची आहेत. भाची त्यांचे छायाचित्र घेत होती आणि फळवाले तिला परदेशी पाहुणी समजून इंग्रजीत हाका मारत होते. सुकामेवा आणि फळे यांसाठी ही जागा चांगली. पण ओझे शेवटी घ्यावे, आरंभी नाही, हे आम्ही ध्यानात ठेवले आणि समोरच्या मंगलदास मार्केटमध्ये शिरलो.

मंगलदास मार्केट ही छपराखाली वसलेली कापडाची पेठ आहे. आत ओळींमागून ओळी; उंच ओट्यावर पांढऱ्या गाद्या आणि त्यांवर मांडी घालून बसलेले व्यापारी. ताके भराभर उलगडले जातात. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, कापडाचा पन्हा. भाव मीटरचा असतो आणि पन्हा ताक्यागणिक वेगळा असतो. अरुंद पन्ह्याचे कापड मीटरला स्वस्त दिसते आणि शिवायला घेतले की दीडपट लागते. दुसरी, नावे. आमच्या घरी रेशीम घेण्याची प्रथा नाही. त्यामुळे ‘सिल्क’ हा शब्द उच्चारला गेला की बहीण सावध होत असे आणि ‘आर्ट सिल्क’ म्हटले की अधिकच गोंधळत असे. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम धागा. त्यात रेशमाचा अंश नसतो, हे एकदा समजल्यावर आमची खरेदी सुकर झाली. याउलट ज्यांना अस्सल रेशीमच हवे असेल त्यांनी सिल्क मार्कची चिठ्ठी पाहावी. परकर-पोलक्यांची, जरीकाठाची आणि पाहुण्यांना द्यावयाच्या खणांची खरेदी दीडपर्यंत आटोपली. मुळजी जेठा मार्केट जवळच आहे. पण तेथे मुख्यतः ताक्यांचा घाऊक व्यवहार चालतो, दोन पोलक्यांच्या गिऱ्हाइकाला तेथे फारसा वाव नाही.

इतर गल्ल्या धावत्या सांगतो. दिवे, झुंबरे, विजेचे सामान लोहार चाळीत. तांब्या-पितळेची भांडी पायधुनीकडील तांबाकाटा भागात. तेथे वजनावर भाव होतो, तेव्हा काटा स्वतः पाहावा. कागद, वह्या, वेष्टने अब्दुल रहमान स्ट्रीटवर. लग्नपत्रिका गिरगावातील खाडिलकर रस्त्यावर. फुले, पूजासाहित्य, खोटे दागिने आणि लहंगे भुलेश्वरात. भुलेश्वरातच १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद शेठ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली पांजरापोळ आहे. बाजाराच्या ऐन मध्यावर गायी शांतपणे रवंथ करीत असतात. खरेदीने शिणलेल्या माणसाने तेथे पाच मिनिटे उभे राहावे. जुन्या वस्तूंच्या शौकिनांसाठी मटण स्ट्रीटचा चोरबाजार आहे. तेथील दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो. कुलाबा कॉजवे, फॅशन स्ट्रीट, वांद्र्याचा लिंकिंग रोड ही तरुणांची ठिकाणे. तेथे सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलणे सुरू करावे, असे भाचीच म्हणते. मला तो अनुभव नाही.

आता झवेरी बाजार. शेख मेमन स्ट्रीटचा हा पट्टा आणि त्यालगतचे मुंबादेवीचे देऊळ. रस्त्याने चालताना हा भाग साधा, किंबहुना कळकट वाटतो; पण केंद्र सरकारच्या सुवर्णरोख्यांची किंमत ठरविताना रिझर्व्ह बँकेने ज्या सराफ संघटनेच्या दरांचा आधार घेतला, ती याच बाजारातील. बहिणीचा बेत असा होता की आईच्या पाटल्या मोडीत द्याव्यात आणि त्या सोन्यात भाचीसाठी एक हार आणि कानातले करावेत. वर फक्त घडणावळ आणि कर द्यायचा. पाटल्यांचे वजन तिला ठाऊक होते, चार तोळे.

येथे एक खुलासा करतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या व्यवहारातील तोळा १० ग्रॅमचा. चार जुने तोळे म्हणजे साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास. काट्यावर नेमके ४६.५ ग्रॅम भरले आणि बहिणीचा चेहरा खुलला. नंतर दुकानदाराने पाटली यंत्राखाली ठेवली. पडद्यावर आकडा आला ७६ टक्के. बावीस कॅरेटला तो ९१.६ असावा लागतो.

बहीण काहीच बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी यंत्राकडे पाहत राहिलो, कारण त्या पाटल्या मीच घेतल्या होत्या.

१९८६ साल. बँकेत लागून तीन वर्षे झाली होती. पगारवाढीच्या थकबाकीची रक्कम एकदम हाती आली आणि ती सगळी मी आईच्या पाटल्यांत घातली. आमच्या ओळखीचे एक सराफ होते. वडिलांचे त्यांच्याकडे जाणे-येणे होते. पावती मागावी हे मला सुचले नाही. सुचते तरी मागण्याचा संकोच वाटला असता. दागिन्यांवर शुद्धतेचा छाप देण्याची आपल्याकडील सरकारमान्य पद्धत सुरू झाली तीच मुळी २००० साली. तोवर सराफाचा शब्द हाच छाप होता. पण माझी चूक तेथे संपत नाही. पुढे मी सोनेतारण कर्जे मंजूर करू लागलो. शाखेचा मूल्यांकक माझ्या टेबलापासून दहा पावलांवर बसत असे. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तो लोकांच्या बांगड्या पारखीत असे. कित्येक गिऱ्हाइकांचे चेहरे मी त्या खिडकीपाशी पडलेले पाहिले आणि त्यांना पावतीचे महत्त्व समजावून सांगितले. आईच्या पाटल्या एकदा तेथे आणाव्यात, हे मला एवढ्या वर्षांत एकदाही वाटले नाही.

दुकानदार म्हणाला, ‘घट वजा करून लगेच हिशेब करतो.’ बहीण मान डोलावणार, तेवढ्यात मी पाटल्या परत मागून घेतल्या. ही एक गोष्ट मात्र मी बँकेत शिकलो होतो. जुना दागिना मोडीत देण्यापूर्वी विकत घेणाऱ्याच्या यंत्रावर विसंबू नये. भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेली तपासणी केंद्रे या भागात आहेत; थोडे शुल्क देऊन कोणीही सामान्य माणूस तेथे आपला दागिना तपासून लेखी अहवाल घेऊ शकतो. आम्ही तिकडे गेलो. तेथील माणसाने पाटली चार ठिकाणी तपासली. सांध्याशी, जेथे डाग दिलेला असतो तेथे, आकडा खाली येत होता. इतरत्र तो थोडा वर होता. अहवालात ७८ टक्के आले. पहिल्या दुकानात यंत्र सांध्याजवळ लावले गेले होते. हेतुपुरस्सर की सहज, ते मला ठरविता येत नाही. दोन टक्के म्हणजे ४६.५ ग्रॅमवर जवळजवळ एक ग्रॅम शुद्ध सोने. तेवढे तर वाचले. परंतु बावीस कॅरेटच्या हिशेबाने ४६.५ ग्रॅमऐवजी आमच्या हाती सुमारे ३९.६ ग्रॅमच उरत होते. सात ग्रॅम कमी. सात ग्रॅम म्हणजे भाचीचे कानातले.

केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी बहिणीला म्हटले, ‘ही तूट माझी आहे. मी भरून देतो.’

‘तू का भरून देणार, दादा? तू आईला दिल्यास. आईने पंचवीस वर्षे हातातून काढल्या नाहीत. तिच्या लेखी त्या बावनकशीच होत्या.’

‘आईला कळले असते तर?’

‘कळले नाही ना? मग झाले तर.’

तिने माझा धनादेश घेतला नाही. घेणार नाही हे मला ठाऊक होते, तरी मी तीनदा म्हटले. भाची इतका वेळ गप्प होती. तिने पर्समधून यादीचे पान काढले, माझी पेन्सिल मागितली आणि ‘स्वागत समारंभासाठी लहंगा’ ही ओळ खोडून टाकली. ‘मामा, एका संध्याकाळसाठी तो घ्यायचा आणि मग कपाटात ठेवायचा. मैत्रिणीचा आणीन मी,’ असे म्हणून तिने पेन्सिल परत केली. दुसऱ्या दिवशीची भुलेश्वरची फेरी अशा रीतीने रद्द झाली.

अहवालाचा कागद हाती घेऊन आम्ही दुसऱ्या एका पेढीत गेलो. त्या कागदाने बोलण्याचा सूर बदलतो, हे मी आवर्जून सांगतो. मोडीचा भाव ७८ टक्क्यांवर धरला गेला आणि हिशेब आमच्यासमोर कागदावर मांडला गेला. नवा हार आणि कानातले घेताना काय पाहिले तेही लिहितो, कारण अनेक वाचकांना त्याची गरज पडेल. दागिन्यावर तीन खुणा हव्यात : मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, जसे २२के९१६, आणि अक्षर-अंकांचा सहा स्थानांचा ओळख क्रमांक, ज्याला सराफ एचयूआयडी म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. खुणा बारीक असतात. दुकानात भिंग असते, ते मागावे, लाजू नये. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप उघडून तो क्रमांक घातला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाचा नोंदणी क्रमांक दिसतो. हातात हार असताना पडद्यावरही हारच आला पाहिजे. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना ही सक्ती नाही, म्हणून बारीक चमकीच्या बाबतीत पेढीच्या नावावरच भरवसा ठेवावा लागतो. पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता, त्या दिवसाचा दर, घडणावळ, हॉलमार्कचे शुल्क आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर हे वेगवेगळे लिहून घ्यावे. खडे असतील तर त्यांचे वजन सोन्यात धरलेले नाही ना, हे पाहावे. ‘पावतीशिवाय घेतले तर कर वाचेल’ असे कोणी सुचविले तर तेथून उठावे. दोन लाखांहून अधिक खरेदीला पॅन लागते आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास दुकानदाराला कायद्याने बंदी आहे. आम्ही वरची रक्कम बँकेतूनच दिली.

पाटल्या वितळविताना पाहायच्या का, असे पेढीवाल्याने विचारले. बहीण म्हणाली, ‘नको.’ मी आत गेलो आणि पाहिले. दोन्ही पाटल्या मुशीत उतरायला काही मिनिटेच लागली.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी या भागात पाचच्या सुमारासच खरेदी थांबवावी. काळबादेवी-भुलेश्वरात शुद्ध शाकाहारी थाळीची भोजनगृहे जुनी आणि सवयीची आहेत, कांदा-लसूण नको म्हटले तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

शनिवार सैल गेला. सकाळी दादरला, रानडे रोडच्या परिसरात, साड्या पाहिल्या. मराठी घरांच्या लग्नखरेदीला दादर अजूनही सोयीचे आहे : भाषा आपली, साडीला फॉल-पिको जवळच करून मिळते आणि झवेरी बाजाराइतकी धक्काबुक्की नाही. पूर्वेकडे हिंदमातेपाशीही कापडाची मोठी दुकाने आहेत. स्थानकालगतच्या फुलबाजारात बहिणीने उगाचच शेवंतीचे भाव विचारले. दुपारी लालबागला गेलो. येथे मिरची गल्ली आणि चिवडा गल्ली अशा दोन गल्ल्या शेजारी-शेजारी नांदतात. मिरची, धने, खडा मसाला निवडून घ्यायचा, समोर भाजून घ्यायचा आणि डंकावर कुटून घ्यायचा. उन्हाळ्यात तर बायकांची रांग लागते. आमच्याकडचा मसाला घरचाच असतो, तेव्हा माझ्या पहिल्या दिवसाच्या नियमानुसार ही ओळही खोडायला हवी होती. बहिणीने तो नियम धुडकावला आणि दोन किलो मसाला कुटून घेतला. विहिणीला द्यायचा होता म्हणे.

रात्री गाडी सुटण्यापूर्वी ती खिडकीशी बसली. सामान लागले होते. तिने हार आणि कानातल्यांची पेटी उघडली, पाहिली, मिटली आणि मला विचारले, ‘दादा, पावती?’

मी सांगितले की एक प्रत पेटीत आहे, एक तिच्या पर्समध्ये, आणि एक मी माझ्याकडे ठेवली आहे.